तिसरं प्रकरण झालं की जाऊ

१ जानेवारी
आजपासून कादंबरी. रहस्यमय. नाव: 'खंड्याने पाहिलेला खून'. डिटेक्टिव्ह पक्षिनिरीक्षक, टोपणनाव गरुडनजर. बदकं बघायला झुडपात बसतो आणि समोर प्रेत. विमा कंपनीत उभा जन्म खोटे क्लेम पकडण्यात गेला, मला कोण रहस्य शिकवणार! पक्ष्यांचं तेवढं कच्चं आहे, पण ते ज्ञान घरातच आहे. ही कित्येक वर्षं दुर्बीण घेऊन सकाळी तळ्यावर जाते. रोज दोन पानं लिहायची म्हणजे लिहायची.

४ जानेवारी
पान नाही. टेबल डुगडुगतं. अशा टेबलावर खून होत नाही. सुताराला फोन केला.

९ जानेवारी, सकाळ
हिच्याबरोबर तळ्यावर. रिसर्च. आश्चर्य म्हणजे उजव्या काठावरचा खंड्या आधी मी पाहिला! हिला दिसलाच नाही. मग पाणकावळा, तोही मीच. अनुभव वेगळा आणि उपजत नजर वेगळी. तसं बोलूनही दाखवलं. ही दुर्बिणीच्या काचा पुसत बसली. जळली असावी जराशी.

९ जानेवारी, संध्याकाळ
ही म्हणाली, अहो, मला हल्ली उजवीकडचं नीट दिसत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या. तिथे डोळ्यांत थेंब घालतात, येताना सोबत लागते, नाहीतर एकटीच गेले असते.
क्लेम आला की आधी तपासणी, हा माझा शिरस्ता. हिच्या नाकासमोर बोटं धरली. बरोबर मोजली. पेपर दिला. छोट्या जाहिरातीसुद्धा घडाघडा वाचल्या. पुरावा शून्य. क्लेम नामंजूर.
तरी जाऊ म्हटलं, पहिलं प्रकरण संपू दे.

१८ जानेवारी
टेबल ठीक झालं. आता खुर्ची बुटकी वाटते. पहिलं वाक्य मात्र झकास जमलं: 'गरुडनजरच्या नजरेतून काहीही सुटत नसे.' नजर दोनदा येतेय. उद्या बघू.

२ फेब्रुवारी
हिने परस्पर आजची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती. नेमका आजच मूड लागला होता. मूड काय सांगून येतो? अपॉइंटमेंट पुढे ढकलायला लावली. जेवल्यावर जरा आडवा झालो, तेवढ्यात मूड गेला.

३ फेब्रुवारी
हिने चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. खळ्ळकन फुटला. चांगल्या सेटमधला होता. बोललो चार शब्द. हिचं हल्ली कशात म्हणून लक्ष नसतं.

२० फेब्रुवारी
ही म्हणाली, दुर्बीण तुम्हीच ठेवा, मला आता तिचा उपयोग होत नाही. माझ्यातला निरीक्षक हिला पटला तर! पट्टा माझ्या मापाचा करून घेतला.
मुलीचा फोन. आईच्या डोळ्यांचं काय झालं म्हणून विचारत होती. सांगितलं, आईचे डोळे ठणठणीत आहेत, मी स्वतः तपासलेत. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही डॉक्टर आहात का? हल्लीच्या मुलांना बोलायचा पोच नाही.
हिला शब्द दिला, तिसरं प्रकरण झालं की जाऊ, नक्की. पहिलं अजून चालू आहे, हे सांगून हिला कशाला काळजीत टाकायचं?

१२ मार्च
तळ्यावर लाकडी फळ्यांची वाट आहे. ही पुढे, मी मागे, वहीत पाणकावळ्याची मान काढत. ही उजवीकडे कडेबाहेर पाय टाकून सरळ पाण्यात. गुडघाभरच पाणी, पण मनगट मुरगळलं. आधी रागच आला मला. रोजच्या पायाखालची वाट, पाय चुकतोच कसा?
हात दिला. ही बसल्या जागेवरून म्हणाली, अहो, हात द्या ना. म्हटलं, हा काय, दिलाय. तर म्हणाली, कुठाय?
उजवीकडून दिला होता. हिच्या खांद्याला लागेल इतका जवळ होता.

१३ मार्च
काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, आधी कडेची नजर जाते, मधली शेवटपर्यंत राहते. माणूस पेपर वाचतो, बोटं मोजतो आणि सगळ्यांना वाटतं, दिसतंय. उजवा डोळा जवळजवळ गेलाय, डाव्यालाही सुरुवात आहे. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं सांभाळायचं.
मग त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे?
मी छताकडे बघत होतो. ही पटकन म्हणाली, चार-आठ दिवसच झाले असतील, माझ्याच लक्षात आलं नाही हो.
इतकी धडधडीत खोटी जबानी मी नोकरीत कधी ऐकली नव्हती. आणि ती तशीच मंजूर होऊ दिली. बाहेर औषधांच्या दुकानात पैसे देताना रडू आलं. दुकानदाराने पाणी दिलं. ही विचारत होती, काय झालं, कुणी काही बोललं का तुम्हाला? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ मार्च
काही लिहिलं नाही. थेंब वेळेवर घातले. माझा नेम चुकतो, अर्धे गालावर जातात. ही पुसून घेते आणि पुन्हा घाला म्हणते.

२ एप्रिल
संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. समोरच्या झाडात एक पक्षी ओरडायला लागला. ही म्हणाली, मला सापडत नाहीये, तुम्ही सांगा. दुर्बीण लावली. तपकिरी आहे, म्हटलं. ही म्हणाली, तपकिरी तर निम्मे पक्षी असतात. चोच कशी आहे? पोटावर रेघा आहेत का? शेपटी हलवतोय?
मी चोच शोधतोय तोवर उडालासुद्धा.
ही मान वळवून त्याच फांदीकडे बघत होती. म्हणाली, घाई नाही, सावकाश बघून सांगा. आहे ना अजून?
आहे म्हटलं.