माहेरची नोंद, सासरची नोंद

८ नोव्हेंबर, शनि.
गुरुवारी इथे लिहिलं की मुलाखतीत सगळी उत्तरं नीट दिली. दुरुस्ती: एक उत्तर नीट नव्हतं. त्यांनी विचारलं, "एकच बाई दोनदा मोजली गेली नाही ना?" मी लगेच "नाही" म्हणाले. खरं तर एवढंच तपासलं होतं की कोणताही क्रमांक दोनदा येत नाही. आरोग्य केंद्रांनी नावं झाकून क्रमांक दिलेत, पण क्रमांक नावावरूनच बनतो. पीएचडीनंतरची पहिली नोकरी, पोस्टडॉकची, आणि मी तपासल्याशिवाय...

९ नोव्हें., रवि.
चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर आत्याकडे. जन्मभर नर्स होती. शाळेआधी अक्षरं, पाढे तिनेच शिकवले, थर्मामीटर वाचायलाही. माझं काम तिला एका वाक्यात कळतं: बाळंतपणात धोका कुणाला, ते जुन्या नोंदींवरून संगणकाने आधी ओळखायचं.
ती स्क्रीनकडे वाकली. मी लॅपटॉप फिरवला.
"ह्यांची बाळंतपणं मी केली, नि मलाच लपवतेस?"
"नियम आहे, आत्या."
"बरं बाई. मग तोंडाने विचार."
विचारलं: एकाच बाईची दोन नावं असतील?
हसतच सुटली. "पाचूबंदरची पोर, कळंबला दिलेली. पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, कागदावर बापाचं नाव. दुसऱ्या वेळी सासरी, कागदावर नवऱ्याचं. तुझ्या मशीनला लग्नं ठाऊक नाहीत का गं?"
मलाही हसू आलं. मग आठवलं: मी स्वतः आजोळी जन्मलेली.

११ नोव्हें., मंगळ.
गाईड मॅडमना सांगितलं. ओरडल्या नाहीत. "मलाही सुचलं नव्हतं. जोड्या शोध." दुसऱ्या बाळंतपणाच्या कागदावर पहिल्याची तारीख असते, तिच्यावरून शोधल्या. पुष्कळ निघाल्या. म्हणजे संगणकातल्या मॉडेलने शिकताना पाहिलेलीच बाई त्याच्या परीक्षेला परत आलेली. त्याचे मार्क फुगलेले.

१३ नोव्हें., गुरु.
मॉडेलच्या अचूकतेचा नवा आकडा खाली आला. पण जोड्या लागल्यामुळे पहिल्या वेळचा त्रास आता दुसऱ्या वेळी समोर असतो, आणि त्या बायांचा धोका आधीपेक्षा लवकर ओळखू येतो. तीनदा चालवलं. तीनदा तेच.
धावत वाडीत. पप्पा केळीचा घड उतरवत होते. "म्हणजे पास की नापास?"
"दोन्ही."
"मग सुकेळी खा."
वाळवलेली, मधासारखी केळी. पाच खाल्ली.

१४ नोव्हें., शुक्र.
ईमेल आली. निवड झाली. होकार बुधवारपर्यंत कळवायचा. आई रडली, भाऊ दोन घरी सांगून आला. मी कुणाला थांबवलं नाही, हेही लिहून ठेवते. त्यांनी निवडलं ते फुगलेला आकडा बघून.
आत्या फोनवर: "मी एकदा एका बाळाला दुसऱ्या आईच्या नावाची पट्टी बांधली होती. स्वतःच जाऊन सांगितलं. मेट्रनने सगळ्यांसमोर सोललं."
"मग?"
"मग काय, दुसऱ्या दिवशी ड्युटी."

१५ नोव्हें., शनि.
मुलाखत घेणाऱ्यांसाठी दोन पानं तयार. जुना आकडा, नवा आकडा, चूक कुणाची (माझी), जोड्या कशा लावल्या. मॅडमनी वाचून एक स्वल्पविराम घातला, बाकी काही नाही. जागा जाऊही शकते. तरी सकाळपासून गुणगुणतेय, आई दोनदा विचारून गेली काय झालं म्हणून. आपलं काम मला इतकं कधीच आवडलं नव्हतं.
ही पानं पोचल्याशिवाय होकार कळवायचा नाही. सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी दहाला पाठवणार, साडेदहाला स्वतः फोन करणार.