फोटो आजचा हवा

प्रिय टिटवे,

तुझ्या लांब पायांवरून पडलेलं हे नाव आता घरात कोणी घेत नाही, म्हणून निदान कागदावर घेते. फोनवर तू "बरी आहे" म्हणतेस, मीही "बरी आहे" म्हणते, आणि ठेवल्यावर वाटतं की आपण काही बोललोच नाही. पत्रात तसा पळ काढता येत नाही.

आधी बातमी सांगते, हसू नकोस. तुझी आई वर्तमानपत्रात फोटो देते. खेळाच्या पानावर, उजवीकडे खाली. पहिल्यांदा फोटोखाली 'छायाचित्र : प्रशिक्षकांच्या पत्नी' असं छापलं होतं. मी क्रीडा संपादकांना फोन करून म्हटलं, "साहेब, मलाही एक नाव आहे." तेव्हापासून नाव येतं.

झालं असं, की पेपरचा फोटोग्राफर आपल्या मैदानावरच्या छोट्या स्पर्धांना यायचा बंद झाला. संपादकांनी बाबांना कळवलं, फोटो तुम्हीच पाठवा, चांगला असेल तर छापू. बाबांचं आणि कॉम्प्युटरचं किती सख्य आहे ते तुला माहीतच आहे. तुमच्या पावलांची पद्धत तपासायला त्यांनी घेतलेला तो कॅमेरा तू गेल्यापासून कपाटावर धूळ खात होता. तो मी खाली काढला. आता शिलाई मशीनच्या शेजारी कॉम्प्युटर आहे, आणि गणवेशांच्या ढिगाऱ्यात कधीकधी माउसच सापडत नाही.

सुरुवातीला काय काय घोळ घातले! पहिले फोटो मी मोबाइलवरून धाडले. संपादक म्हणाले, "बाई, असा पाठवला की फोटोचा जीव जातो. मूळ फाइल मेलने पाठवा." मग एकदा शर्यत जिंकलेल्या मुलीच्या मागे एक फुटकी बादली दिसत होती, ती मी दोन तास खपून पुसून टाकली. त्यावरून तर चांगलीच खरडपट्टी निघाली. बातमीतला फोटो आहे, होतं ते असू द्या, उजेड-अंधार नीट करा, वाकडं असेल तर सरळ करा, बाकी हात लावू नका. एकदा डावीकडून उजवीकडे नावं लिहिताना दोन मुलींची अदलाबदल झाली, तर दुसऱ्या दिवशी एकीची आई पेपर घेऊन थेट मैदानावर. आता प्रत्येक मुलीचा छातीवरचा क्रमांक आधी वहीत उतरवून घेते. कडा कापायचं काम मात्र मला पहिल्या दिवसापासून जमलं. कापड बेतण्यासारखंच आहे ते. धावणारीच्या पुढे थोडी जागा सोडायची, नाहीतर ती कडेवर आपटेल असं वाटतं.

एका स्पर्धेचे तीनशे फोटो निघतात, संध्याकाळी सातच्या आत तीन पाठवायचे असतात. दोनशे सत्त्याण्णव टाकून द्यायचे. त्यातच माझा जीव अडकतो. शेवटच्या वळणावर एखादीची मान जराशी डावीकडे कलते, कोपर बाहेर येतं, आणि माझा हात थांबतो. चेहरा बघितला की दुसऱ्याच कुणाची तरी लेक असते. तो फोटो हललेला असतो, कामाचा नसतो, तरी मी तो पुसत नाही. असे एकशे चौदा साठलेत. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत. फोल्डरला काय नाव दिलंय ते सांगत नाही.

बाबा आत येत नाहीत, दारातूनच बघतात. "दोनशे नाही, चारशेची शर्यत होती ती," एवढं बोलून जातात. तुझ्याबद्दल नाही बोलत. मीही नाही. तीन वर्षं आम्ही दोघं एकाच ताटकळण्यात बसलोय, पण खुर्च्या लांब लांब.

टिटवे, त्या निवड चाचणीबद्दल आपण कधी बोललो नाही. शेवटच्या वळणावर तू थांबलीस, चालत कडेला आलीस, आणि बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "अर्ध्यात सोडणारी माझी मुलगी नाही." तू त्याच आठवड्यात बॅग भरलीस. सगळ्यांना वाटतं, माझंही घरात तसंच म्हणणं असतं, की बाप-लेकीचं बिनसलं. पण त्या दिवशी सकाळी तुझ्या टाचेला पट्टी मी बांधली होती. सूज माझ्या बोटांना कळली होती. तू म्हणालीस, बाबांना सांगू नकोस, आणि मी सांगितलं नाही. ते जेव्हा बोलले तेव्हा मी चार पावलांवर उभी होते, तरीही सांगितलं नाही. तू माझ्याकडे बघितलंस ते मी पाहिलं होतं.

गेल्या महिन्यात मी त्यांना सांगितलं. सगळं. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले, बराच वेळ. मग मैदानावर गेले. आल्यावर जेवले नाहीत.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. बाबा या महिनाअखेर निवृत्त होतायत. पेपर त्यांच्यावर अर्धं पान काढणार आहे. संपादकांनी मला मेल केला : प्रशिक्षक आणि त्यांची सर्वांत वेगवान धावपटू, दोघांचा एकत्र फोटो पाठवा, जुना नको, आजचा हवा. आठशे मीटरचा आपल्या मैदानाचा विक्रम अजून तुझ्याच नावावर आहे, दोन मिनिटं बारा सेकंद. मी मेल मोठ्याने वाचला. म्हटलं, नाही जमणार असं कळवू का? बाबा दारात उभे होते. आज पहिल्यांदा आत आले, गणवेश बाजूला सारून खुर्चीवर बसले, आणि म्हणाले, "नको कळवूस. तिला लिही. म्हणावं, धावायचं नाहीये. नुसतं माझ्या शेजारी उभं राहायचंय." थोड्या वेळाने म्हणाले, "मी लिहिलं तर ती उघडणार नाही. तू लिही." पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सातपर्यंत फोटो द्यायचा आहे. मी दुपारी चारपासून मैदानावर असेन.

तुझीच,
आई