हार्डडिस्कसमोरचा नारळ

शुक्रवार, संध्याकाळ

नवी हार्डडिस्क घेतली ती बाबांच्या दशावतारी नाटकांचे व्हिडिओ ठेवायला. मला ती एक्स्ट-फोर या लिनक्सवाल्या पद्धतीने फॉरमॅट करायची होती. अचानक लाईट गेली तरी त्यात फायली सहसा बिघडत नाहीत, आणि आमच्याकडे लाईट जातेच. पण बाबांचा टीव्ही ते वाचत नाही. मग दर वेळी मी लॅपटॉप जोडून द्यायचा? मी घरी असते कधी?

तरी एक्स्ट-फोरचंच बटण दाबणार, तोच बाबा नारळ घेऊन आले. देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नवी वस्तू सुरू करायची नाही! नारळ डिस्कसमोर ठेवून त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, माजा चेडू ह्या डब्यात जा काय भरतला ता सांभाळ, आणि माका एकट्याक टीव्हीर बघूक गावांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सवयीने माझ्या तोंडून निघालंच.

बाबांना एकट्याला बघता येऊ दे, याला होय म्हटल्यावर आता माघार कसली? टीव्हीला चालणारं एक्सफॅट केलं. यात लाईट गेली तर फायली बिघडू शकतात, हेही त्यांना सांगितलं.

आत्ता बाबा टीव्हीवर स्त्रीपार्टातल्या स्वतःलाच लुगड्यात बघून खुदखुदतायत. नारळ मात्र फोडू देत नाहीत.

"आधी लायट जावन येवंदे," म्हणाले, "मगे फोडूया."