दोन किड्यांचा झाला एक

पुंडलिकनगर, औरंगाबाद
१९ नोव्हेंबर १९९८

तीर्थस्वरूप दगडाबाई आत्याच्या पायांवर भाच्याचं, म्हणजे सोनाजीचं, डोकं (जेवढं उरलंय तेवढं).

इथं सगळे सुखरूप. तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली का? निघाल्याबरोबर चुलीपुढं बसलीस का? आणि बसलीस, तर महिनाभर धुराजवळ जायचं नाही असं डॉक्टरांना कबूल केलं होतंस त्याचं काय झालं, तेही कळव. पत्र नेहमीसारखं पोस्टमन रामकिसनभाऊ वाचून दाखवतील, त्यांना नमस्कार. (रामकिसनभाऊ, कंसातला मजकूर मोठ्यानं वाचायचा नसतो. आत्याचं पिठलं खारट होतं हे मी मागच्या पत्रात कंसातच लिहिलं होतं. तिचं उत्तर आलं तेव्हा कळलं की तुम्ही ते खणखणीत आवाजात वाचलंत.)

आता किड्याची हकिकत. तू इथून गेल्यावर वाडीभर सांगितलंस म्हणे, की भाचा सरकारी पगार घेऊन बाटलीतल्या किड्याचे केस मोजतो. खरं आहे ते. अरबी समुद्रात दोन हजार मीटर खोल तळाशी हा किडा राहतो. अंगाच्या दोन्ही बाजूंना पायांच्या जोड्या आणि प्रत्येक पायाला राठ केसांचा झुबका. त्या केसांच्या आकारावरून त्याची जात ठरते. संशोधनाच्या जहाजानं असे तीन किडे वर काढले आणि तीन बाटल्यांतून आमच्या सरांकडं पाठवले. आता समुद्र सोडून ते औरंगाबादला का, असं विचारू नकोस. आमच्याकडं हर्सूलचा तलाव आहे एवढंच मी सांगू शकतो. पहिली बाटली माझ्या हातून पडली. दुसरीचं झाकण मी सैल ठेवलं आणि मे महिन्यात आतलं स्पिरिट उडून किड्याची कुरडई झाली. तिसरी उघडली तर आत दोन तुकडे. पुढच्या तुकड्याचे केस टोकाला दुभंगलेले आणि मागच्याचे विळ्यासारखे वाकडे. मी चौदा महिने केस मोजले, एकाच बाटलीत दोन किड्यांचे तुकडे आले असावेत असं धरलं आणि जाहीर केलं की या दोन नव्या जाती आहेत. सरांनी पेढे वाटले. शोधनिबंध टाइप झाला. आमच्याकडं दोन जाती एकदम सापडणं म्हणजे जुळं झाल्यासारखंच, त्यामुळं मी महिनाभर जरा ताठ मानेनं चाललो. (बायको म्हणते, जरा नव्हे.)

आणि तेवढ्यात डोळ्याच्या ऑपरेशनला तू आलीस. एका डोळ्यावर पट्टी होती, पण सूक्ष्मदर्शकाला तसाही एकच डोळा लागतो. मी मोठ्या दिमाखानं तुला प्रयोगशाळेत नेलं. तू बराच वेळ वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "सोन्या, हे दोन नायत रं. एकच जित्राब हाय, मधी तुटलंय." मी हसलो. केसांतला फरक समजावून सांगितला. त्यावर तू म्हणालीस, "मेंढराच्या तोंडावरची लव अन् पाठीवरची लोकर एक असती व्हय? लांडग्यानं अर्धं नेलेलं मेंढरू मी उरल्या अर्ध्यावरून वळखते. तुटल्याली जागा बघ, केसं काय मोजत बसलास!"

तुला रिक्षात बसवून दिल्यावर मी परत गेलो (पाणी प्यायच्या निमित्तानं) आणि दोन्ही तुकड्यांची तुटलेली टोकं एकमेकांना लावली. डावीकडचा एक पाय अर्धा या तुकड्यावर होता, अर्धा त्या तुकड्यावर. दोन्ही अर्धे तंतोतंत जुळले. निबंध टपालात पडायला चार दिवस उरले होते. पडला असता, तर जगभरच्या किडेवाल्यांनी मला जन्मभर तोंड आणि शेपूट वेगवेगळं मोजणारा माणूस म्हणून ओळखलं असतं. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले की दोन खोट्यांपेक्षा एक खरी बरी. पेढ्यांचं कुणी काही बोललं नाही. खरं सांगतो आत्या, एक जात गेली तरी मला झोप छान लागते.

बाकी ठीक. मेंढरांना आणि स्वतःला सांभाळ.

तुझा,
सोनाजी

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. नव्या जातीला नाव ठेवावं लागतं आणि एकदा छापलं की ते कुणालाच बदलता येत नाही. आपल्यात नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून विचारतो, तुझंच ठेवू का? किड्याला म्हणून रागावू नकोस. तुझ्या आधीची दोघं पाळण्यातच गेली, म्हणून तिसरी तरी राहावी यासाठी तुला दगड म्हटलं. याच्याही आधीचे दोन गेलेच.

आणखी ता. क. (रामकिसनभाऊ, हे वाचू नका. नाव मी सोमवारीच पाठवून दिलंय. ती नको म्हणाली, तर तुम्हीच मध्ये पडून घुगऱ्या वाटायला लावा.)

शेवटचं ता. क. (हा कंस मात्र मोठ्यानं वाचा. आत्या, तू मला सोनाजी म्हटलंस आणि स्वतः जन्मभर दगड म्हणवून घेतलंस, याचं मला नेहमी वाईट वाटायचं. आता ते नाव मला जगात सगळ्यात चांगलं वाटतं. आणि पिठलं खारट होतं, तरी मी तीनदा मागून घेतलं, हेही त्याच कंसात लिहिलं होतं. तेवढंच रामकिसनभाऊंनी वाचलं नाही.)