मधेच म्हटलेले आमेन

छावणी, औरंगाबाद
२० मार्च १९७९

चि. सुवार्ता हिस,
एस्तेरकाकूचा ख्रिस्तात सलाम व आशीर्वाद.

जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत आणि ईस्टरनंतर त्या कायमच्या गंगापूरला तुझ्याकडे राहायला येणार आहेत. ही बातमी मला पाळकसाहेबांकडून कळली. म्हणून हे पत्र.

अंगण एक, दारे समोरासमोर, आणि भाऊजी गेल्यापासून इथे आम्ही दोघीच. तरी तुझ्या आईला जे सांगायचे असते ते त्या शेळीला सांगतात. नळाचे पाणी गेले की शेळीला म्हणतात, काही जणींनी आपल्या बादल्या भरून घेतल्या, आपल्याला कोण विचारतं. शेळी माझ्याकडे बघते. मी शाळा चालवली आहे, अबोला मला नवा नाही. पण शेळीमार्फत बोलणी खाण्याची सवय नाही.

कारण तुला त्यांच्या बाजूने ठाऊक असेल. माझ्या बाजूने असे: नाताळच्या प्रीतिभोजनाला जेवणाआधीची प्रार्थना त्यांच्याकडे होती. पंगत बसली होती, पानांवर भात पडला होता. त्यांनी फुलंब्रीच्या पावसापासून सुरुवात केली, साऱ्या भावकीची दुखणी घेतली आणि अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत हरवलेल्या म्हशीपाशी आल्या. ती सापडावी म्हणून त्या अजून दरवर्षी मागणे करतात. भात गार होत होता, मुले रडकुंडीला आली होती. त्यांनी श्वास घेतला तेव्हा मी आमेन म्हटले. जरा मोठ्याने. साऱ्या मंडळीने ते उचलले आणि वाढपी वरण घेऊन धावले. यात माझा गुन्हा कोणता ते कळव.

पवित्र गुरुवारी महिला मंडळात पाय धुण्याचा विधी आहे. मी जाऊबाईंचे पाय धुणार आहे. प्रभूने शिष्यांचे धुतले, मग मला जावेचे धुवायला हरकत नाही. त्यानंतर तरी त्यांना बोलावेच लागेल.

अंगात स्वेटर न घालता रात्रपाळीला जाऊ नकोस, मार्च फसवा असतो. लोभ आहेच, तो जपून ठेव.

तुझी,
एस्तेरकाकू


गंगापूर
२७ मार्च १९७९

ती. एस्तेरकाकूंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वॉर्डात वाचलं. शेळीपाशी आले तेव्हा हसू आवरेना, मेट्रनबाई रागावल्या, आणि टायफॉइडच्या एका आजोबांना वाटलं मी त्यांनाच हसते.

आई रविवारी येऊन गेली. काकू, भांडण म्हशीवरून नाही. म्हशीनंतर बाबा येतात. आई त्यांचं नाव कधीच घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. रेशनच्या दुकानातसुद्धा 'सुवार्ताचे वडील' म्हणायची आणि दुकानदार वैतागायचा. ते नाव ती फक्त प्रार्थनेत घेते, मंडळीसमोर, अगदी शेवटी. हा बाबा गेल्यानंतरचा पहिला नाताळ होता. भाताची काळजी तिलाही होती, म्हणून म्हैस लवकर आटोपली असं म्हणते. तो श्वास तिनं नावासाठी घेतला होता.

रागावू नका, पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहिलं.

आता गुरुवारचं. आईनंही पितळी परात चिंच लावून लखलखीत केली आहे. कशाला विचारलं, तर म्हणाली, मास्तरणीचे पाय धुणार, चारचौघींत तिला खाली बघायला लावणार. तेव्हा तयारीनं जा. वॉर्डात मी रोज बघते, दुसऱ्याला अंघोळ घालणारे पुष्कळ भेटतात, घालून घेताना भल्याभल्यांना रडू येतं. पेत्रानंसुद्धा प्रभूला पाय देताना किती आढेवेढे घेतले.

आई इथं आली तर मला हवीच आहे. पण माझ्या दोन खोल्यांत शेळी मावणार नाही, आणि तुमच्याशिवाय ती भांडणार कुणाशी? शेजारीण फार सोशिक आहे, आईचं मन रमायचं नाही.

स्वेटर घातला आहे. माया असू द्या, आहे त्याहून कमी नको.

तुमची,
सुवार्ता


छावणी, औरंगाबाद
१४ एप्रिल १९७९

चि. सुवार्ताला तिच्या आईचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

मी सांगते अन् एस्तेर लिहिती. तिला बजावलंय, मी बोलंल तसंच उतरव, दुरुस्त करायचं नाय. (उतरवत आहे. — एस्तेर)

परवा गुरुवारी देवळात लई गंमत झाली. बाया आल्या त्या समद्या परात, तांब्या अन् टावेल घिऊन. पाळकसाहेबानं खुर्च्या मांडल्या, म्हणले बसा. बसायला कुणीच नाय. जी ती म्हणती, मी धुती, तू बस. आवडाबाई अन् साळूबाई एकमेकीला दंडाला धरून खुर्चीत कोंबत हुत्या. कस्तुराबाईनं तर पाळकसाहेबालाच धरलं, त्ये म्हणले माझा बूट निघत नाय. मी एस्तेरपुढं परात घिऊन, ती माझ्यापुढं. तिची आपली ॲल्युमिनियमची. (तिच्यात काही वाईट नाही.) दोघी वाकलेल्या, टकरीच्या मेंढ्यावानी. नम्रपणासाठी एवढी झोंबाझोंबी म्या कदी पाहिली नाय.

मग एस्तेरनं आपली परात खाली ठिवली अन् खुर्चीत बसली. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर बसायची तशी. अन् मोजे काढले. तिला बिनमोज्याचं आजवर कुणी पाहिलंय व्हय? टाचा म्हंजी उन्हाळ्यातली काळी जमीन, बोट जाईल एवढ्या भेगा. मी तोंड उघडायचं नाय असं ठरवलं हुतं, पर गेलंच तोंडातून. म्हटलं, अगं बये, ह्या टाचा घिऊन तू चालती कशी? तर म्हणली, शिस्तीत.

पाय धुतले अन् मी प्रार्थनेला लागले. (पाय पाण्यातच होते.) फुलंब्रीचा पाऊस घेतला, भावकी घेतली, म्हैस घेतली. मग श्वास घेतला. एस्तेर गप. मग तुझ्या बापाचं नाव घेतलं. (पुंजाराम. त्या इथे सांगत नाहीत, म्हणून मी लिहिते.) त्येंचं समदं देवाला सांगितलं, सावकाश, काय काय आवडायचं, शेवटाला किती खोकला हुता. झालं तरी देऊळ गपच. समद्या बाया एस्तेरकडं बघायल्या. मग ती आमेन म्हणली. हळूच. आवाज बसला हुता तिचा. (पाणी गार झाले होते.)

मग मी बसले खुर्चीत. म्हटलं, आता धू. तिनं धुतले, बोटांच्या बेचक्यासुदिक, तपासणी केल्यावानी. ते बघून समद्या बसायला लागल्या, अन् मग खुर्च्या पुरंनात.

तुझ्याकडं येती, पर ऱ्हायला नाय. आठ दिसांनी माघारी. हिच्या टाचांकडं कुणीतरी बघाया पायजे.

माया हाय तशी हाय, आटू दिऊ नको.

तुझी आई
(सही अंगठ्याची. शाई मी पुसली.)


छावणी, औरंगाबाद
१७ एप्रिल १९७९

चि. सुवार्ता हिस,
एस्तेरकाकूचा सलाम व आशीर्वाद.

आज सकाळी जाऊबाईंना गंगापूरच्या एसटीत बसवले, पोचल्या असतील. खिडकीपाशी जागा मिळाली. कंडक्टरला सूचना दिल्या. त्याने त्या ऐकल्या असे वाटत नाही.

नावाबद्दल तू लिहिलेस ते वाचले होते. त्यावर वेगळे काही लिहीत नाही. मला म्हणायचे होते ते मी गुरुवारी एका शब्दात म्हटले.

ईस्टरच्या प्रीतिभोजनाला प्रार्थना पुन्हा जाऊबाईंकडेच होती. मी स्वयंपाकघरात सांगून ठेवले होते की प्रार्थना संपल्याशिवाय भात चुलीवरून उतरवायचा नाही. सर्वांना वाफाळता मिळाला. हा उपाय नाताळातच सुचायला हवा होता.

त्यांना तिखट कमी दे. रात्री उशी एकच लागते. आणि आठ दिवसांचे दहा करण्याचा आग्रह धरू नकोस.

लोभ दोघींवर आहे. तुम्हीही असाच ठेवा.

तुझी,
एस्तेरकाकू

ता. क. निघण्यापूर्वी जाऊबाईंनी माझ्या स्वाधीन केले ते असे: घराची किल्ली. पितळी परात. एरंडेल आणि मेणाचा मलम, माझ्या टाचांसाठी, रोज झोपताना लावायचा. आल्यावर बघणार आहेत. शेळी, दोरासकट. शेळीला गेल्या काही महिन्यांत बोलणे ऐकण्याची सवय लागली आहे. तिच्याशी कोणी बोलले नाही तर पान्हा चोरते, दूध देत नाही. आज संध्याकाळी मी तिला जाऊबाई परत येणार असल्याचे सांगितले.

वरील सर्व मिळाले. दूधही.