आईच्या दाराचा दगड

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला शेक देत जा, शिलाई मशीन चार दिवस बंद राहिली म्हणून गाव उघडं पडणार नाही.

इकडे सगळं क्षेम, तुझी भावजय सोडून. दवाखाना बंद केल्यापासून मी दातांऐवजी दगड कापतो, एवढंच तिचं दुखणं. दगड ओरडत नाहीत, बिलावर घासाघीस करत नाहीत. यंत्र न्हाणीघरात बसवलंय, कारण चकतीवर सारखी पाण्याची धार लागते. त्यामुळे तिची आंघोळीची वेळ आणि माझी कापायची वेळ यांची रोज टक्कर होते. परवा बटाट्यासारखा दिसणारा एक दगड चिरला, तर आत निळसर पट्ट्यांचा अकीक! दुसरा पोकळ निघाला, आतून जांभळ्या स्फटिकांनी खच्चून भरलेला. किडक्या दाढेच्या अगदी उलट प्रकार.

आता मुद्द्याचं. आईच्या दाराला टेकवलेला तो गोल दगड आहे ना, तो आकाराच्या मानाने हलका आहे आणि हलवला की आत काहीतरी खुळखुळतं. पोकळ दगडात सुटा झालेला स्फटिक असाच वाजतो. पाठव गं. अर्धा तुझा.

तुझा लोभ आहेच, आता दगडही असू दे.
तुझा बाब्या

ता. ११ फेब्रुवारी

चि. बाब्यास,
अ. उ. आ.

लहानपणी चंद्र मागायचास, साठीनंतर धोंडा मागतोस. प्रगती आहे. चिंध्यांमध्ये गुंडाळून ओळखीच्या टेम्पोवाल्याकडे दिलाय. आत काय आहे म्हणून त्याने विचारलं, तेव्हा भावाची अक्कल आहे, जपून ने, असं सांगितलं.

दगड हलवल्यापासून दार वाऱ्याने आपटतंय. काल आपटलं, तर पलीकडचीने उत्तर म्हणून आपली खिडकी आपटली. ऐंशीची झाली तरी मनगटात जोर आहे हो. सुई मागायला म्हणून आली आणि आईची चांदीची डबी घेऊन गेली, त्याला यंदा पंचावन्न वर्षं होतील. भिंत एक, पण शब्द नाही. आई गेली त्या दिवशी फाटकापर्यंत आली होती, मीच मान फिरवली. असो.

भावजयीला न्हाणीघर वेळेवर मोकळं करून देत जा.
आशीर्वाद आहेत, पुरवून वापर.
अक्का

ता. २० फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

पत्र मी लिहितेय, कारण तुमचे बंधू सकाळपासून गच्चीवर जाऊन बसलेत आणि जेवायलासुद्धा खाली येत नाहीत.

काल दगड कापायचा मुहूर्त होता. त्यांच्यासारखेच दगडवेडे एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, त्यांना मुद्दाम बोलावलं. दोघांनी भिंगातून पाहिलं, पोस्टमास्तरांनी तर जीभ लावून पाहिली, आणि हा फार प्राचीन अकीक आहे यावर दोघांचं एकमत झालं. यंत्र सुरू झालं. पाणी करडं यायला लागलं, तेव्हा ही ज्वालामुखीची राख असं पोस्टमास्तरांनी मला समजावून सांगितलं. मग चकती एकदम किंचाळली आणि दोन तुकडे झाले.

वन्सं, तो दगड नव्हताच. सिमेंटचा गोळा होता, वर्षानुवर्षं पाय लागून गुळगुळीत झालेला. आत चांदीची डबी, मधोमध कापलेली. आणि डबीत एक दात.

ह्यांनी सवयीने तो चिमट्यात धरून उजेडाकडे नेला आणि दुधाचा, खालचा, पुढचा, वय वर्षं सहा, असं सांगून मोकळे झाले. मग त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. तुमच्या पायऱ्यांचं काम चाललं होतं म्हणे. पडलेला दात खजिना म्हणून ह्यांनी डबीत ठेवला आणि डबी ओल्या सिमेंटात लपेटली. डबीची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा सासूबाईंचा अवतार बघून तोंड उघडायची हिंमत झाली नाही, आणि पुढे साफ विसरले. तो गोळा सासूबाईंनीच उचलून दाराला लावला होता. डबी घरातच होती, वन्सं. रोज पायाने सरकवत होता तुम्ही.

दोन्ही तुकडे सोबत पाठवतेय. काय करायचं ते तुम्हीच ठरवा.
माया आहे तशीच राहू द्या.
तुमची भावजय

ता. २१ फेब्रुवारी

ती. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

पलीकडच्या काकूंना यातलं काही कळायला नको. झाकली मूठ बरी. दगड फुटला, आत माती निघाली, असं सांग. मी सहा वर्षांचा होतो गं. आता काय उपयोग?

रागावलीस तरी पत्र लिही.
बाब्या

ता. १ मार्च

चि. बाब्यास,
अ. उ. आ.

आत माती निघाली हे खरंच आहे, पण दगडाच्या नव्हे, आपल्या.

चार दिवस मी तुकडे टेबलावर ठेवून नुसती बघत बसले. फाटकापाशी उभी राहिलेली ती डोळ्यांपुढून हलेना. पाचव्या दिवशी पिशवी उचलली आणि पलीकडे गेले. बावीस पावलं आहेत रे सगळी मिळून. दार तिनेच उघडलं. तुकडे तिच्या हातात दिले आणि मग सगळं सांगितलं, तुझ्या दातासकट.

तिने डबीच्या कडेवरून कितीतरी वेळ बोट फिरवलं. मग विचारलं की आईला हे कळलं होतं का. नाही म्हटलं. तेव्हा रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

थोड्या वेळाने उठून आत गेली आणि एक सांडशी घेऊन आली. आपली! ती हरवली म्हणून आईने मला दोन रट्टे दिले होते. बाईंचं म्हणणं असं, की चोर तर ठरलेच होते, मग निदान एक चोरी तरी पदरात असावी, म्हणून एका दुपारी उचलली. पंचावन्न वर्षं वापरली, पण पकड अजून घट्ट आहे म्हणाली. मला असं हसू फुटलं की गुडघा विसरले.

तू मात्र सुटला नाहीस. तिची कवळी बोलताना खटखट वाजते. येऊन तिच्यासमोर चूक कबूल करायची आणि कवळी नीट बसवून द्यायची, असा निकाल झालाय. शनिवारी ये. भावजयीला आण, दगड आणू नकोस.

निघताना मी तिला संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसा म्हटलं. ती म्हणाली, इतकी वर्षं तुमच्या घराकडे पाठ करून कपडे वाळत घातले, आता मान वळत नाही. इथलीच खुर्ची तेवढी तुमच्या बाजूला फिरवून दे. फिरवून दिली.

तुमची वाट पाहणारी,
अक्का