सदाशिवची लाल पेन्सिल

नागाव, शुक्रवार, २७ डिसेंबर १९५७

सायकल मारून पाय भरून आलेत. अलिबागचा नाताळच्या सुट्टीतला इंग्रजीचा वर्ग पंधराच दिवसांचा. शाळेतून रजा न घेता इंटरचा राहिलेला विषय सुटेल, म्हणून या वयात बाकावर बसलो.

पण शिकवणारा सदाशिव माझाच जुना विद्यार्थी. माझ्या वहीवर त्याची लाल पेन्सिल फिरतच नाही. चुका होतच नाहीत की काय माझ्या? आज विचारलंच.

"गुरुजी, तुमच्या वहीवर हात धजत नाही."

चिडलोच मी. "अरे, वर्षभराचा वर्ग असता तर ठेवला असतास मान. आता आठच दिवस उरलेत!"

निघताना त्याने वही हातात ठेवली. आत्ता उघडली. पानभर लाल खुणा, पण इतक्या हलक्या हाताने केलेल्या, की कंदील जवळ ओढावा लागला.